बारा व्होल्टांतून निघालेला आवाज : परभणीच्या रस्त्यांवरील अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याच्या दुरुस्तीचा इतिहास

धागा.

गाडीतला अ‍ॅम्प्लिफायर मुका झाला की परभणी, जिंतूर वा गंगाखेड येथील जाणता कारागीर पेटी उघडून प्रथम ज्या कोपऱ्याकडे पाहतो, त्या कोपऱ्याचा आवाजाशी थेट संबंध नसतो. तेथे बॅटरीच्या बारा व्होल्टांचे साठ व्होल्ट केले जातात. बहुतेक बिघाड तेथेच सापडतात, किंवा निदान त्यांची खूण तेथे उमटलेली असते. मोटारीत रेडिओ बसू लागला त्या १९३०च्या सुमारापासून हा कोपरा असाच आजारी राहिला आहे. भाग बदलले, दुखणे बदलले नाही. का बदलले नाही, हे समजले की गाडीतल्या आवाजाचा बराचसा इतिहास उलगडतो.

आधी थोडे गणित. मोटारीचे इंजिन चालू असता बॅटरीच्या टोकांवर साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकरचा रोध चार ओहम धरला आणि साधा अ‍ॅम्प्लिफायर जोडला, तर त्यातून कागदावरसुद्धा साडेसहा वॅटच्या आसपासच शक्ती निघते. दोन अ‍ॅम्प्लिफायर पाठीला पाठ लावून एकच स्पीकर दोन्ही बाजूंनी ओढला-ढकलला (यालाच ब्रिज जोडणी म्हणतात), तर चौपट, म्हणजे सुमारे २६ वॅट. याच्या पुढे जायचे तर स्पीकरचा रोध कमी करणे किंवा व्होल्ट वाढवणे, एवढ्या दोनच वाटा उरतात. डेकच्या दर्शनी भागावर काय छापले आहे त्याने यात फरक पडत नाही. चार चाकांवरचा मोठा आवाज ही मुळात व्होल्ट वाढवण्याची कहाणी आहे.

अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३०मध्ये मोटारीतला रेडिओ बाजारात आणला. मोटर आणि त्या काळच्या ध्वनियंत्रांच्या नावांतला ‘ओला’ हा प्रत्यय जोडून त्याचे नाव मोटोरोला ठेवले गेले. पुढे कंपनीनेच ते नाव घेतले. त्या वेळी रेडिओ व्हॉल्व्हवर चालत. व्हॉल्व्हच्या तारेला तापवायला सहा व्होल्ट पुरत, परंतु त्याच्या प्लेटला दोनशेच्या घरातले व्होल्ट लागत. ते आणायचे कोठून? आरंभी निराळ्या कोरड्या बॅटऱ्यांचा गठ्ठा गाडीत ठेवावा लागे. त्यानंतर व्हायब्रेटर आला.

व्हायब्रेटर म्हणजे पत्र्याच्या लहानशा डबीतली पोलादी पट्टी. विद्युतचुंबकाच्या ओढीने ती सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरते आणि प्रत्येक थरथरीत बॅटरीचा प्रवाह तोडते व जोडते. असा तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून नेला की व्होल्ट वाढतात, आणि मग तो पुन्हा सरळ करून व्हॉल्व्हला देता येतो. युक्ती नामी होती, पण पट्टीच्या टोकांना प्रत्येक वेळी बारीक ठिणगी पडे. काही महिन्यांत टोके खरवडली जात, कधी एकमेकांना चिकटत. चिकटली की प्रवाह अखंड वाहू लागे, ट्रान्सफॉर्मर तापे आणि फ्यूज जाई. डबीवर एक टिचकी मारली की चिकटलेली पट्टी सुटून रेडिओ पुन्हा गाऊ लागे, ही जगभरच्या कारागिरांची त्या काळची पहिली दुरुस्ती. रेडिओला थोपटण्याची जी सवय आपल्याकडे पुढे दोन पिढ्या टिकली, तिच्यामागे काही ठिकाणी तरी असे शुद्ध शास्त्र होते.

परभणी त्या वेळी हैदराबाद संस्थानात होती. हाली शिक्का वेगळा, जकातीचे नाके वेगळे. मुंबईहून येणाऱ्या मालावर करोडगिरी भरावी लागे. हैदराबादचे दख्खन रेडिओ हे केंद्र १९३५मध्ये निजाम सरकारच्या हाती आले आणि त्याची मुख्य भाषा उर्दू राहिली. सप्टेंबर १९४८मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५०मध्ये ते केंद्र आकाशवाणीकडे गेले. या सगळ्या काळात मराठवाड्यातील खेड्यात रेडिओ ही वस्तू दुर्मीळच होती, आणि कारण केवळ किमतीचे नव्हते. स्वातंत्र्याच्या वेळी देशभरात वीज पोहोचलेली खेडी जेमतेम १५०० होती. ज्या गावात वीज नाही त्या गावातला रेडिओ बॅटरीवरच चालणार. म्हणजे मोटारीतल्या रेडिओचे जे दुखणे, तेच खेड्यातल्या रेडिओचेही.

१९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. युनेस्कोने पाठबळ दिले, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले, आणि पॉल न्यूरथ यांचा अहवाल जगभर वाचला गेला. परभणी त्यात नव्हती. मराठवाडा मुंबई राज्यात आला तोच मुळी १ नोव्हेंबर १९५६ रोजी. शेतकऱ्यांनी गोल बसून रेडिओ ऐकण्याचा तो गाजलेला प्रयोग मराठवाड्याला अवघ्या काही महिन्यांनी चुकला.

रेडिओ नव्हता, तरी कर्णा होता. येथे शिकागो हे नाव दुसऱ्याच वाटेने येते. सक्करच्या मोटवाने कुटुंबाने १९०९मध्ये सुरू केलेला विजेच्या सामानाचा व्यवसाय कराचीमार्गे मुंबईत आला आणि शिकागो रेडिओ या नावाने देशभर ओळखला गेला. या घराण्यातील नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या अधिवेशनांत आणि महात्मा गांधींच्या सभांत ध्वनिक्षेपक लावण्याचे काम अंगावर घेतले. गांधी-नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर ‘शिकागो’ ही अक्षरे दिसतात, ती याच कंपनीची. पुढे नाशिक रोड येथे त्यांचा कारखाना उभा राहिला. दिल्लीची अहुजा ही कंपनी १९४०ची. महाराष्ट्रातील लाउडस्पीकरवाल्यांच्या दुकानांत पुढे हीच दोन नावे सर्वाधिक उच्चारली गेली, आणि कालांतराने ‘अहुजा’ हे तर अ‍ॅम्प्लिफायरचे सामान्यनामच होऊन बसले.

महिंद्र कंपनीने १९४७मध्ये विलीस जीप जोडायला आरंभ केला. ही जीप आणि कर्णा यांची गाठ पडली, तेव्हा ग्रामीण महाराष्ट्राचा सार्वजनिक आवाज तयार झाला. छतावर दोन कर्णे, मागच्या बाकावर अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्याशेजारी बॅटरी आणि हातात मायक्रोफोन धरलेला माणूस. निवडणुकीचा प्रचार, तमाशाची दवंडी, लसीकरणाची सूचना, बियाण्याची जाहिरात, हरवलेल्या मुलाचा पुकारा : सारे याच पेटीतून गेले. परभणीत २ फेब्रुवारीपासून भरणारा सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस, १४ एप्रिलची मिरवणूक, शेगावहून पंढरपूरला निघालेली आणि परभणी-गंगाखेड मार्गे जाणारी गजानन महाराजांची पालखी, असे या पेटीचे वर्षभराचे पंचांग. गाडीतला अ‍ॅम्प्लिफायर म्हटले की शहरातल्या वाचकापुढे चैनीची वस्तू येते. परभणीत तो कित्येक दशके पोट भरण्याचे साधन होता, आणि ऐन मिरवणुकीत तो बंद पडला तर त्या दिवसाची कमाई तर जाईच, पुढच्या वर्षीची सुपारीही जाई.

विजेचे चित्र १९६०च्या दशकात पालटू लागले. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६०मध्ये स्थापन झाले. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आणि जलविद्युत केंद्र त्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले. शेजारच्या परळीत औष्णिक केंद्र १९७१मध्ये सुरू झाले. आकाशवाणीचे परभणी केंद्र १९६८चे, मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झ. परभणीत कृषी विद्यापीठ १९७२मध्ये आले. चार-पाच वर्षांच्या अंतरात वीज, केंद्र आणि विद्यापीठ मिळाल्यावर ऐकण्यासारखे काही आणि ऐकण्याची सोय अशा दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या. रेडिओ बाळगायला टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे, तो जाच १९८०च्या दशकात संपला.

त्याच सुमारास पेटीच्या पोटातही क्रांती झाली होती. डिसेंबर १९४७मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. त्याला दोनशे व्होल्टांची गरज नव्हती. बारा व्होल्टांवर तो सुखाने चाले. एका झटक्यात व्हायब्रेटर नाहीसा झाला. आता गाडीतला अ‍ॅम्प्लिफायर बिघडणारच नाही, असे वाटायला हरकत नव्हती.

परंतु पहिले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते, आणि जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यातून झिरपणारा नकोसा प्रवाह जवळपास दुप्पट होतो. वाढलेल्या प्रवाहाने तो अधिक तापतो, तापल्याने आणखी झिरपतो, आणि हे चक्र थांबले नाही तर काही क्षणांत स्वतःच्या उष्णतेनेच मरतो. लंडन वा टोकियोत हा दोष चालून गेला. परभणीत मे महिन्यात पारा सावलीतच चाळिशी ओलांडतो; उन्हात उभ्या जीपच्या पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. शास्त्रज्ञांच्या पुस्तकात जे ‘तापमान-पलायन’ म्हणून एका परिच्छेदात येते, ते मराठवाड्याच्या कारागिराच्या टेबलावर दर उन्हाळ्यात जळक्या वासासह येत असे.

यातून सुटका केली सिलिकॉनने. अमेरिकेच्या आरसीए कंपनीचा टूएन ३०५५ हा सिलिकॉन ट्रान्झिस्टर १९६०च्या दशकात आला : १५ अँपिअर, ६० व्होल्ट, ११५ वॅट, आणि शंकरपाळ्याच्या आकाराच्या बैठकीवर पोलादी टोपी. भारतात बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्ससारख्या कारखान्यांतून ट्रान्झिस्टर बनू लागले आणि ‘तीस पंचावन्न’ हे चार आकडे लाउडस्पीकरवाल्यांच्या बोलण्यात तेला-मिठासारखे आले. अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला? तीस पंचावन्न उडाले असतील. नव्वद टक्के नसले, तरी निम्म्याहून जास्त वेळा हे निदान बरोबर निघे.

ते का उडत, हे पाहण्यासारखे आहे. कर्ण्याच्या मागे असते ते युनिट बहुधा आठ किंवा सोळा ओहमचे. मालकाला आवाज कमी वाटला की तो आणखी एक कर्णा जोडी, आणि तोही समांतर. आठ ओहमची दोन युनिटे समांतर जोडली की अ‍ॅम्प्लिफायरला समोर चारच ओहम दिसतात, चार जोडली की दोन. प्रवाह वाढत जातो, ट्रान्झिस्टर तापत जातो. आवाज काही काळ खरोखरच वाढतो, म्हणून मालक खूश. तासाभराने पेटी थंड. या बिघाडात पेटीचा दोष नव्हता, जोडणीचा होता. म्हणून जुने कारागीर अ‍ॅम्प्लिफायरसोबत कर्णेही मागवीत. नुसती पेटी घेऊन आलेल्याला, गाडी दाराशी आण, मग बघू, असे सांगणारा माणूस आळशी नव्हता. तो अर्धे निदान गाडी पाहूनच करणार होता.

ही विद्या कोठून आली? काही प्रमाणात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून. तेथे रेडिओ व दूरचित्रवाणी मेकॅनिक हा अभ्यासक्रम असे. अधिक करून दुकानातून, उस्तादाच्या हाताखाली. पहिली काही वर्षे पोराने खाल काढायची नाही, फक्त जुन्या बोर्डांवरचे भाग उतरवायचे. त्यातून कोणता भाग कसा मरतो हे बोटांना कळे. सुट्या भागांसाठी मुंबईचे लॅमिंग्टन रोड आणि हैदराबादच्या कोठी भागातील गुजराती गल्ली ही दोन तीर्थे. परभणी मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर असल्याने दोन्हीकडे रात्रीच्या गाडीने जाता येते, आणि जुन्या संस्थानी ओढीमुळे असो वा अंतरामुळे, मराठवाड्याचा पुष्कळसा सुटा माल हैदराबादेहून येत राहिला. राज्याच्या सीमा १९५६मध्ये बदलल्या, कंडेन्सर विकत घेण्याची वाट बदलली नाही.

कॅसेटने या धंद्याला दुसरा जन्म दिला. फिलिप्स कंपनीची कॅसेट १९६३ची, पण खेड्यातल्या गाड्यांत ती पोहोचली १९८०च्या दशकात. काळी-पिवळी जीप, ट्रक, मिनीबस, सगळ्यांत टेप बसला. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि भीमगीते, कव्वाल्या, हिंदी सिनेमाची गाणी. चालकाच्या आवडीवर प्रवासी गाडी निवडत. या टेपच्या पोटात आता सुटे ट्रान्झिस्टर नव्हते. एकाच चिमुकल्या आयसीत सगळा अ‍ॅम्प्लिफायर मावला होता. युरोपातून आलेला टीडीए २००३ दहा वॅटचा, खास मोटारीसाठीच रचलेला. जपानच्या सान्यो कंपनीचा एलए ४४४० त्याहून लोकप्रिय : दोन वाहिन्यांत सहा-सहा वॅट, ब्रिज जोडणीत १९ वॅट. वर केलेले गणित आठवा. बारा व्होल्टांतून याहून फारसे निघत नाही, हे त्या आयसीच्या रचनाकारांनाही ठाऊक होते. चव्वेचाळीस चाळीस हा आकडा आजही परभणीच्या बाजारातल्या पोरासोरांना पाठ असतो, आणि लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या कित्येक घरगुती पेट्यांत तोच बसलेला असतो.

मग हव्यास वाढला. १९९०च्या दशकात आणि नंतर बाजारात आले ते वेगळे ‘पॉवर अ‍ॅम्प्लिफायर’ : सीटखाली किंवा डिकीत बसवायचे, पंखांसारख्या अ‍ॅल्युमिनियमच्या खाचा असलेले, शंभर-दोनशे वॅट खरोखर देणारे. आणि त्यांच्याबरोबर व्हायब्रेटर परत आला. नाव बदलून आला, एवढेच. थरथरणाऱ्या पोलादी पट्टीच्या जागी मॉस्फेट नावाचे ट्रान्झिस्टर होते, त्यांना तालावर चालू-बंद करायला टीएल ४९४ नावाचा आयसी होता, आणि सेकंदाला शंभर वेळांऐवजी ते तोडणे-जोडणे हजारो वेळा होत होते. ट्रान्सफॉर्मर हाताच्या मुठीत मावेल इतका लहान झाला. बारा व्होल्टांचे अधिक तीस आणि उणे तीस झाले, म्हणजे एकूण साठ. चार ओहमच्या स्पीकरला आता शंभराहून अधिक वॅट देणे शक्य झाले. आणि १९३०च्या डबीप्रमाणेच, बिघाडही याच कोपऱ्यात येऊन बसला.

आता परभणीतल्या टेबलावर असा अ‍ॅम्प्लिफायर आला की काय होते, ते जरा सविस्तर पाहू. कारण ही पद्धत कोठल्याही मराठी पुस्तकात नीट नोंदलेली दिसत नाही.

पेटी उघडण्यापूर्वी तीन तारा तपासल्या जातात : बॅटरीची, जमिनीची म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली, आणि रिमोटची, जी डेक चालू झाला की अ‍ॅम्प्लिफायरला जागे करते. तिन्हींत जमिनीची तार सर्वांत फसवी. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पत्र्यावर बसतो, स्क्रूखाली गंज धरतो. मीटर लावला तर व्होल्ट पूर्ण दिसतात, पण आवाज वाढवून प्रवाह ओढला की ते कोसळतात आणि पेटी पुन्हा पुन्हा बंद-चालू होते. अशा कित्येक ‘बिघडलेल्या’ अ‍ॅम्प्लिफायरना वाळूकागदाशिवाय दुसरे काही लागत नाही. हे प्रामाणिकपणे सांगणारा कारागीर त्या दिवशी कमी कमावतो.

फ्यूज गेलेला असेल तर नवा घालून बघणे हा नवशिक्याचा मार्ग. आतला दोष तसाच असेल तर उरलेसुरले भागही जातात. जाणता माणूस बॅटरी आणि पेटी यांच्यामध्ये गाडीच्या हेडलाइटचा बल्ब जोडतो. पेटी निरोगी असेल तर बल्ब क्षणभर लुकलुकून मंद होतो. आत कोठे सरळ जोड झाला असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि प्रवाह चार-पाच अँपिअरवर अडून राहतो. काही जळत नाही. घरगुती विजेवर चालणाऱ्या यंत्रांसाठी दुकानात असतो त्या सिरीज बोर्डाचीच ही बारा व्होल्टी आवृत्ती.

बल्ब पेटला की शोध दोन घरांपुरता उरतो. मॉस्फेट स्वतः मेले, की पुढचे आउटपुट ट्रान्झिस्टर मरून त्यांनी मॉस्फेटना सोबत नेले? यासाठी मधला डायोड उतरवून दोन्ही घरे वेगळी केली जातात. डायोड काढल्यावर बल्ब विझला, तर रोग पुढे आहे. पेटलेलाच राहिला, तर मागे. ही एकच चाचणी चांगल्या आणि वाईट दुरुस्तीतला फरक ठरवते. कारण मागचे मॉस्फेट बदलून पुढचा मेलेला ट्रान्झिस्टर तसाच ठेवला, तर नवे मॉस्फेट पहिल्याच मिनिटात जातात आणि गिऱ्हाईक म्हणते, माल नकली निघाला. माल नकलीही असतोच, ती गोष्ट निराळी. शिवाय मॉस्फेट एक गेला तरी रांगेतले सगळे बदलावे लागतात. जे वाचलेले दिसतात त्यांनी मेलेल्याचा भार काही क्षण वाहिलेला असतो.

आणि तो फ्यूज. तातडीच्या वेळी फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी वेष्टणे गुंडाळण्याची चाल साऱ्या देशात आहे. घरात ती धोक्याची, गाडीत जीवघेणी. मोटारीची बॅटरी सरळ जोडात शेकडो अँपिअर देऊ शकते, तिची तार सीटच्या कापडाखालून गेलेली असते आणि पुढच्या बाजूला पेट्रोल किंवा गॅस असतो. घरच्या विजेसारखा झटका बसत नाही म्हणून बारा व्होल्टांना कोणी भीत नाही, आणि तेच भय आहे.

फ्यूजवरून आणखी एक गोष्ट ओळखता येते. गाडीच्या मागच्या काचेतून दिसणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर १००० वॅट, २००० वॅट असे आकडे झळकतात. त्याच्या कडेला २५ अँपिअरचा एक फ्यूज असतो. १४.४ व्होल्ट गुणिले २५ अँपिअर म्हणजे ३६० वॅट बॅटरीतून आत शिरतात, आणि जुन्या धाटणीच्या सर्किटात त्यांतले चाळीस टक्के तरी उष्णतेत जातात. उरले दोनशेच्या आसपास. डब्यावरचा आकडा विक्रेत्याचा, फ्यूजवरचा अभियंत्याचा.

आवाज वाढत गेला तसा कायदाही मागून आला. ध्वनिप्रदूषणाचे नियम फेब्रुवारी २०००मध्ये लागू झाले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरली. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील बंदी पक्की केली. ट्रॅक्टर-ट्रॉलीवरच्या भिंतीएवढ्या डीजेबद्दल लोकांची तक्रार रास्त आहे. हृदयरोग्याच्या घरासमोरून ती भिंत गेली म्हणजे काय होते, हे ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. परंतु या वादात जीपवरचा साधा कर्णा आणि त्याची दुरुस्ती करणारा माणूस हे दोघेही त्याच गुन्ह्यात धरले गेले. प्रचाराची गाडी, भाजीची गाडी, पालखीपुढची गाडी यांचा आवाज त्या भिंतीच्या शेजारी कुजबुजच होता.

कारागिरावरचे खरे संकट मात्र कायद्याचे नाही. नवे अ‍ॅम्प्लिफायर डी-वर्गाचे असतात : कमी तापतात, कमी वीज खातात, लहान पेटीत मोठी शक्ती देतात. यंत्र म्हणून ते निःसंशय सरस. पण त्यांचे भाग तांदळाच्या कणीएवढे, बोर्डाच्या पृष्ठभागावर चिकटवलेले. साध्या खालीने ते निघत नाहीत, त्यासाठी गरम हवेचे यंत्र, भिंग आणि तरुण डोळे लागतात. सर्किटचा नकाशा कंपनी देत नाही. केंद्र सरकारने २०२२मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्यासाठी संकेतस्थळही उघडले. त्यात मोठ्या कंपन्यांची उत्पादने येतात; परभणीच्या बाजारात येणाऱ्या नावगाव नसलेल्या पेट्यांची माहिती कोण देणार? परिणामी पूर्वी जी पेटी पंधरा वर्षांत चारदा दुरुस्त होई, ती आता पहिल्याच आजारात भंगारात जाते, किंवा तिचा अख्खा बोर्ड उचलून नवा टाकला जातो.

काही कारखानदार तर आयसीवरचे आकडेच घासून काढतात, म्हणजे नक्कल होऊ नये आणि दुरुस्तीही होऊ नये. अशी घासलेली, सोळा पायांची, निनावी आयसी समोर आली की जुना कारागीर अजूनही ती टाकून देत नाही. खाचेपासून मोजत तो मीटरची काळी सुई सातव्या पायावर ठेवतो. तो जमिनीला जोडलेला निघतो. लाल सुई बाराव्यावर नेतो. तेथे बॅटरीचे बारा व्होल्ट. मग चौदाव्यावर. मीटरवर बरोबर पाच दिसले की तो मान वर न करता पोराला सांगतो : चारशे चौऱ्याण्णव आहे, डब्यातून एक काढ.